कर्ज न काढता गावाकडं छोटं घर कसं बांधायचं: आमच्या सहा वर्षांच्या अनुभवातनं

गावाकडं घर बांधायचंय पण पगार नाहीतर शेतीचा पैसा बघून हात आखडतोय, अशा सगळ्यांसाठी हे लिहितेय. आमचं घर कोरेगाव तालुक्याच्या उत्तर भागात, वाठार स्टेशनच्या बाजूला आहे. २८ बाय १५, म्हणजे ४२० चौरस फूट. पुढं सोपा (ओसरी), मधे खोली, मागं स्वयंपाकघर आणि परड्यात संडास-बाथरूम. २०१८ ला कागदं गोळा करायला लागलो आणि २०२४ च्या दिवाळीला रंग दिला. ह्यांचा टेम्पो, माझं शिवणकाम आणि मामंजींचं दीड एकर रान एवढ्यावर झालं. बँक, पतसंस्था, पाहुणे, कुणाचंच देणं नाही.

एक गोष्ट पक्की धरा, बाकी सगळं तिच्यातनंच येतं. प्रत्येक टप्पा असा काढायचा की तिथं काम दोन वर्षं थांबलं तरी बांधलेलं खराब होणार नाही. पैसे संपतात तेव्हा काम नेमकं अर्ध्या भिंतीवर नाहीतर उघड्या सळ्यांवर असतं, मग ते वाया जाऊ नये म्हणून माणूस घाईघाईनं मिळेल तिथनं पैसे उचलतो. मी जवळून बघितलेली बहुतेक कर्जं घर बांधायला नाही, अडकलेलं घर सोडवायला काढलेली होती.

१. आधी कागद आणि मोजणी, मग कुदळ

आमची जागा गावठाणातली, वडिलार्जित. ग्रामपंचायतीचा नमुना ८ मामंजींच्या नावावर होता म्हणून आम्ही निवांत होतो. पण नमुना ८ हा घरपट्टीचा उतारा आहे, तेवढ्यानं मालकी सिद्ध होत नाही, हे आम्हाला फक्की टाकून पाया आखला त्या दिवशी कळलं. चुलत दीर आले आणि म्हणाले वहिनी, हे तीन फूट आमच्यात येतंय. भांडायला आले नव्हते, मधली दगडी भिंत पडून वीस वर्षं झालेली आणि खूण कुणालाच आठवत नव्हती. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज केला, फी भरली, शेजारच्यांना नोटिसा गेल्या, तारीख मिळायला चार महिने गेले. मोजणीत दीड फूट त्यांचं निघालं, आम्ही मागं सरकलो, त्यांच्याच ओट्यावर बसून चहा घेतला आणि विषय संपला. हेच पाया भरल्यावर निघालं असतं तर आज कोर्टात तारखा चालू असत्या.

हे कागद जवळ पाहिजेत:

- गावठाणातली जागा: नमुना ८, घरपट्टीची चालू पावती, आणि तुमच्या गावात स्वामित्व योजनेतनं ड्रोननं मोजणी झाली असेल तर प्रॉपर्टी कार्ड.
- शेतजमीन: चालू सातबारा, ८अ, आणि जुन्यापासूनचे सगळे फेरफार.
- मोजणी नकाशाची ‘क’ प्रत.
- जागा सामाईक असेल तर नोंदणी केलेलं वाटणीपत्र नाहीतर हक्कसोडपत्र. बहिणींना विसरू नका, २००५ च्या कायद्यापासून वडिलार्जितात मुलींचा मुलांइतकाच हक्क आहे. गोडीत सह्या घ्यायच्या त्या आधीच घ्याव्यात, घर उभं राहिल्यावर गोडी राहतेच असं नाही.
- प्लॅनसकट बांधकाम परवानगीचा अर्ज. ग्रामसेवकांना (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) भेटून काय-काय लागतं ते लिहूनच घ्या.

शेतात बांधणार असाल तर एनएचं (बिगरशेतीचं) काय ते तहसीलला जाऊन विचारा. आणि स्टॅम्पपेपरवर नोटरी करून एखादा गुंठा घेऊ नका. नोटरीनं जागा नावावर होत नाही, सातबाऱ्यावर नाव लागत नाही, आणि आयुष्यभराची पुंजी दुसऱ्याच्या जमिनीवर उभी राहते.

सांगलीकडची, मिरज-पलूस-वाळवा पट्ट्यातली नदीकाठची जागा असेल तर गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा की २००५ ला, २०१९ ला, २०२१ ला पाणी कुठवर आलं होतं. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. स्वस्तात मिळालेली जागा पुराच्या रेषेत असेल तर ती स्वस्त नाही.

२. पैशाची वही

मी शिवणकामाच्या मापाच्या वहीच्या मागच्या बाजूनं घराचा हिशोब सुरू केला. टप्पे पाच पाडले: पाया-जोतं, संडास-बाथरूम, भिंती आणि पत्रा, स्लॅब, आतलं काम. एकेका टप्प्याचा अंदाज इंजिनिअरकडनं घेतला आणि प्रत्येकावर पंधरा टक्के वाढवून लिहिले. नियम असा की त्या टप्प्याचे सगळे पैसे, वरच्या पंधरा टक्क्यांसकट, खात्यावर दिसल्याशिवाय मिस्त्रीला फोन करायचा नाही.

पैसे कुठनं आले तर दर महिन्याला पोस्टात आवर्ती ठेव, ती माझी. टेम्पोच्या भाड्यातनं आठवड्याला जे उरेल ते ह्यांचं. आणि घेवडा-आल्याचे पैसे एकदम येतात, ते थेट घराच्या खात्यात टाकायचे. आमच्याकडं आलं गाडीवर विकतात, एक गाडी म्हणजे ५०० किलो, आणि दराचा काही भरवसा नसतो, म्हणून आल्याचा पैसा कधी अंदाजात धरला नाही, आला की पुढचा टप्पा अलीकडं ओढला एवढंच. २०२३ ला आल्याला चांगला दर मिळाला, स्लॅबचा निम्मा पैसा त्याच्यातनं आला.

आमचे आकडे सांगते, तुमच्याकडं दर वेगळे असतील. जोत्यापर्यंत १ लाख २० हजार, संडास-बाथरूम ४५ हजार, भिंती-पत्रा-दारं-खिडक्या २ लाख १० हजार, स्लॅब १ लाख ३० हजार, प्लास्टर-फरशी-वायरिंग-रंग १ लाख ४० हजार. एकूण ६ लाख ४५ हजार, सहा वर्षांत. बिगाऱ्याचं बरंचसं काम घरच्यांनी केलं, ते ह्यात नाही.

कर्ज म्हणून कुणी कर्ज देत नाही, ते वेगळ्या नावानं येतं, तेवढं ओळखा. सिमेंट-सळईचा दुकानदार म्हणतो घेऊन जा, पैसे सावकाश द्या. ते कर्जच आहे, रोखीचा दर विचारून बघा म्हणजे फरक दिसेल. भिशीचा पहिला नंबर लागला तर तेही कर्ज, पुढचे सगळे हप्ते तुमच्या मानेवर. भिशी लावायची तर शेवटचा नंबर मागा. हातउसने तर सगळ्यात वाईट, त्याला व्याज नसतं पण नातं जातं.

घरकुलात नाव आलं असेल तर जरूर घ्या. प्रधानमंत्री आवास योजनेचे आपल्या भागात मूळ १ लाख २० हजार रुपये आहेत, ते कामाच्या टप्प्यानं हप्त्यात मिळतात, आणि घर कमीत कमी २५ चौरस मीटरचं, म्हणजे साधारण २६९ चौरस फुटांचं लागतं. चूक इथं होते की अनुदान आलंय म्हणून माणूस सातशे फुटाचा पाया काढतो. पाया मोठा झाला की पुढचं सगळंच मोठं होतं.

३. प्लॅन

इंजिनिअरचे पैसे वाचवू नका. आम्ही पाच हजार दिले आणि ते सगळ्यात चांगले गेले. त्यांना पहिल्याच भेटीत सांगा की घर टप्प्यानं होणार आहे, आधी पत्रा पडेल, नंतर स्लॅब. मग ते पाया आणि भिंती स्लॅबचं वजन धरून देतात. आमच्याकडं कॉलम नाहीत, नऊ इंची भिंतींवर घर आहे, पण जोत्यावर, खिडक्यांच्या डोक्यावर आणि स्लॅबखाली असा सळई घातलेला काँक्रीटचा पट्टा सगळ्या भिंतींवरनं सलग फिरवलाय. मिस्त्री म्हणतात छोट्या घराला कशाला पट्टे. आपल्या जिल्ह्यात ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेचा भूकंप झालाय, पट्टा गाळू नका.

पाया मात्र पूर्ण घराचा एकदम भरा. आता एक खोली आणि पुढं कधीतरी दुसरी जोडू असं केलं की जुना पाया बसलेला असतो, नवा बसायचा असतो, आणि जोडावर उभी चीर पडते. पाया पूर्ण, वरचं हळूहळू.

४. पाया आणि जोतं

काळ्या रानात किंवा काळ्या मातीच्या जागेत पाया हा टप्पा सगळ्यात जास्त पैसे खातो आणि खाऊ द्या. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, तिच्यावर भिंत ठेवली की तडकलीच. चर मुरूम लागेपर्यंत न्यायचा. आमच्याकडं तीन फूट सांगितलं होतं, एका कोपऱ्यात साडेचारला मुरूम लागला. मिस्त्री म्हणाला तिथं दगड टाकून भागवू, मामंजी स्वतः चरात उतरले आणि पहार मारून बघत राहिले, पहार खणकन वाजल्यावरच वर आले.

दगड आपल्याकडं काळा मिळतो, चांगला मिळतो. जोतं रस्त्यापेक्षा दोन-अडीच फूट वर घ्या, कारण रस्ता दर डांबरीकरणाला चढतच जातो.

जोत्यात मुरूम भरून झाला की सहा-सहा इंचाच्या थरानं पाणी मारून धुमस करा. आणि मग थांबा. एक अख्खा पावसाळा जोत्यानं खाल्ला पाहिजे. आम्ही २०१९ च्या एप्रिलला जोतं पूर्ण केलं, वरचा पट्टा ओतला आणि दिवाळीपर्यंत हात लावला नाही. आश्विनात बघितलं तर मुरूम जवळजवळ चार इंच खाली बसला होता. तो पुन्हा भरला. घाईनं बांधलेल्या घरात हीच चार इंच नंतर फरशीखाली बसतात आणि कोपऱ्यातल्या फरश्या टकटक वाजायला लागतात. पैसे नाहीत म्हणून थांबलो होतो, पण ते थांबणं कामाला आलं.

५. संडास, पाणी, लाईट

भिंतींच्या आधी संडास-बाथरूम बांधा. कामगारांना लागतं, घरच्या बायकांना लागतं, आणि छोट्या कामावर मिस्त्रीचा हात कळतो. दोन शोषखड्ड्यांचा संडास साधा आणि स्वस्त, एक भरला की दुसरा चालू करायचा. विहीर-बोअरपासून खड्डे लांब ठेवा. लाईटचं कनेक्शन घ्यायला महावितरणला जागेचा पुरावा, आधार आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियनचा टेस्ट रिपोर्ट लागतो.

६. माल घेताना

इथं सगळ्यात जास्त फसगत होते म्हणून सविस्तर सांगते.

वाळू, क्रश सँड आणि खडी ब्रासवर मिळते, एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. वीटकाम आणि प्लास्टरची मजुरीही ब्रासवर बोलतात, पण तो ब्रास १०० चौरस फुटांचा. दोन्ही वेगळे, गोंधळू नका. ट्रॉली आली की खाली करायच्या आधी टेप लावा. आतली लांबी गुणिले रुंदी गुणिले मालाची उंची, भागिले शंभर. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, दोन फूट उंच माल असेल तर १.२ ब्रास. आमची ‘दीड ब्रास’ म्हणून आलेली पहिली ट्रॉली एवढीच भरली. ड्रायव्हरला वाईट वाटेल म्हणून टेप खिशात ठेवू नका, दुसऱ्या खेपेपासून तेच बरोबर भरून आणतात.

वीट दोन हातात घेऊन एकमेकीवर वाजवा, खणखण आवाज आला पाहिजे. कमरेएवढ्या उंचीवरनं मातीत टाकली तर फुटायला नको. आणखी एक, सुकी वीट किराणा दुकानातल्या काट्यावर तोला, एक दिवस-रात्र पाण्यात ठेवा आणि परत तोला. वजन पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त वाढलं, म्हणजे तीन किलोची वीट ३ किलो ६०० च्या पुढं गेली, तर ती भट्टी सोडा. भट्ट्या दिवाळीनंतर पेटतात आणि पावसाआधी बंद होतात, त्यामुळं विटा उन्हाळ्यातच घेऊन रचून ठेवा, त्यांना मुदत नसते.

सळई वजनावर मिळते. मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग करून १६२ नं भागा, एका मीटरचं किलोतलं वजन मिळतं. १२ एमएमची १२ मीटरची सळई साधारण १० किलो ६५० ग्रॅम भरली पाहिजे, ८ एमएमची पावणेपाच किलो.

सिमेंट मात्र कधीच साठवू नका. आम्ही २०२० च्या मार्चमध्ये भिंतींसाठी साठ गोण्या एकदम आणल्या, दर कमी लागला म्हणून. आठवड्यात लॉकडाऊन लागला. मिस्त्री गावाला अडकला, गोण्या जुन्या घरात भिंतीला टेकून, जमिनीवर. पावसाळ्यात ओल आली आणि दिवाळीला उघडल्या तेव्हा बावीस गोण्या दगड झाल्या होत्या. हातोडीनं फोडून बघितल्या, आत सुद्धा दगड. त्या रात्री मी जेवले नाही. सिमेंट तीन महिन्यांच्या वर जुनं झालं की त्याच्यावर भरवसा नाही. पंधरा दिवसांच्या कामापुरतंच आणा, खाली फळ्या टाका, भिंतीपासून फूटभर लांब ठेवा, गोणीवरचा आठवडा-वर्ष वाचून घ्या.

घरात ही हत्यारं आपली स्वतःची ठेवा: टेप, ओळंबा, पाण्याची लेव्हल पाइप, पंधरा लिटरच्या दोन बादल्या, मोठी ताडपत्री, वही.

७. मिस्त्री

मजुरी उक्ती (कामावर दर ठरवून) द्यावी का रोजावर? जोतं, भिंती, स्लॅब उक्तं द्या आणि माल आपला आपण आणा. दुरुस्ती, जोडकाम, संडासासारखं किरकोळ काम रोजावर. उक्त्याचं साध्या कागदावर लिहा: किती ब्रास, काय दर, पाणी कोण मारणार, सेंट्रिंग (स्लॅबखालच्या प्लेटा आणि टेकू) कुणाचं. उचल एका आठवड्याच्या हजेरीपेक्षा जास्त देऊ नका. आमचा पहिला मिस्त्री मुलीच्या लग्नाचं सांगून वीस हजार घेऊन गेला तो दुसऱ्या साईटवर गेला, फोन उचलेना. काम झालं तेवढं मोजायचं, बाजाराच्या दिवशी तेवढे पैसे द्यायचे, वहीत सही घ्यायची.

८. भिंती आणि पत्रा

भिंती स्लॅबच्या उंचीपर्यंत चढवा, वरचा पट्टा ओता, आणि त्याच्यावर लोखंडी अँगल टाकून पत्रा घाला. नुसत्या भिंती पावसात उघड्या ठेवायच्या नाहीत, डोक्यावरनं पाणी मुरत जातं आणि सांधे मोकळे होतात. पत्र्याचे पैसे नसतील तर भिंतीच सुरू करू नका, हे दोन्ही मिळून एकच टप्पा आहे. वळवाच्या वाऱ्यात पत्रे उडतात, इंग्रजी J आकाराचे हुक बोल्ट पुरेसे मारा आणि कडेच्या रांगेला दुप्पट.

२०२१ च्या मेमध्ये आम्ही पत्र्याखाली राहायला आलो. प्लास्टर नाही, खाली शेणानं सारवलेली जमीन. वास्तुशांती पाच माणसांत केली. हे लोकांना आवडलं नाही, पण जेवणावळीच्या पैशात नंतर खिडक्यांच्या जाळ्या आणि मागचं दार झालं. साताऱ्यातलं भाडं त्या महिन्यापासून वाचलं, ते तसंच्या तसं आवर्ती ठेवीत वळवलं. पत्र्याखाली उन्हाळा कडक जातो, खोटं सांगत नाही, पण अडीच वर्षांत भाड्यातनंच स्लॅबचा निम्मा पैसा उभा राहिला. स्लॅबच्या वेळी काढलेले पत्रे गोठ्यावर गेले.

९. स्लॅब

आमच्या भागात स्लॅब दिवाळीनंतर टाकायचा. कारण पाणी. सगळे उन्हाळ्यात टाकतात आणि एप्रिल-मे मध्ये विहिरी तळाला गेलेल्या असतात, मग दिवसातनं एकदा शिंपडून भागवतात. आम्ही २०२४ च्या जानेवारीत टाकला, विहिरीला पाणी होतं.

ओतायच्या दिवशी मिक्सरपाशी घरचं एक माणूस दिवसभर उभं पाहिजे. माल लवकर पसरावा म्हणून कामगार पाणी वाढवतात, आणि जास्तीचं पाणी म्हणजे कच्चा स्लॅब. एका गोणीला, एम-२० मालाला (एम-२० म्हणजे काँक्रीटच्या ताकदीचा दर्जा), ३० लिटरच्या वर पाणी नको. पंधरा लिटरच्या दोन बादल्या त्याच्यासाठीच सांगितल्या. मी स्वतः दिवसभर त्या बादल्या भरून दिल्या आणि पाइप बंद करून कॉक माझ्याजवळ ठेवला. पाच इंची स्लॅब आणि छज्जे मिळून ४४ गोण्या लागल्या.

दुसऱ्या दिवशी वर वाफे पाडा आणि पाणी भरून ठेवा. दहा दिवस तरी स्लॅब कोरडा पडता कामा नये, आम्ही एकवीस दिवस ठेवला. आत्याबाई (सासूबाई) सकाळी उठून आधी शिडीनं वर जायच्या, वाफ्यात बोट बुडवून बघायच्या, मग चहा. सेंट्रिंगवाला प्लेटा लवकर न्यायला बघतो, त्याचं पुढचं काम अडलेलं असतं, पण इंजिनिअर हो म्हणेपर्यंत टेकू हलवू देऊ नका.

वरच्या मजल्यासाठी सळ्या बाहेर सोडायच्या का? मजला पाच वर्षांत नक्की होणार नसेल तर सोडू नका, गंजून जातात. सोडल्याच तर सिमेंटची राबडी फासून झाकून ठेवा.

१०. आतलं काम, आणि शेवटचे कागद

हे जमेल तसं, खोली-खोलीनं. फक्त क्रम चुकवू नका: आधी वायरिंगचे आणि नळाचे पाइप, मग प्लास्टर, मग फरशी, शेवटी रंग. प्लास्टर पूर्ण वाळल्याशिवाय रंग नको, आम्ही एक उन्हाळा जाऊ दिला. फरशी साधी शहाबादी घातली, तीन खोल्यांत, दर दोन महिन्यांनी एक.

काम संपलं की ग्रामपंचायतीत जाऊन नमुना ८ ला नव्या बांधकामाची नोंद करून घ्या. नावं लावताना नवरा-बायको दोघांची लावा. आम्ही अर्ज दिला तेव्हा मामंजींनी स्वतःहून माझं नाव पुढं सांगितलं, आणि नव्या उताऱ्याची पहिली झेरॉक्स मी त्याच मापाच्या वहीत चिकटवून ठेवलीय.